हाडाशी गाठ पडल्यावर

बर्लिनमध्ये २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. त्यांच्या हातात चाकं लावलेलं जे धनुष्य मराठी वाचकांनी पाहिलं, त्याच जातीचं धनुष्य घेऊन मी सप्टेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागावर जातो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलाच, पण थोराड. चांगला वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. माझ्या बाणाच्या टोकाला असलेल्या ब्रॉडहेडचं, म्हणजे धारदार पात्यांच्या फाळाचं वजन १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅमसुद्धा नाही.

मी मूळचा धातुशास्त्रातला. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये भट्टीसमोर उभं राहून पोलाद शिकलो, आणि पुढे इकडे आलो तरी तेच काम करत राहिलो. दर उन्हाळ्यात मी ब्रॉडहेड मोडून पाहतो. मोडेपर्यंत पाहतो, असं म्हणणं जास्त बरोबर. त्यातून जे पक्कं झालं ते इथे क्रमाने मांडतो.

१. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो.

बंदुकीच्या गोळीकडे उधळायला भरपूर ऊर्जा असते. बाणाकडे ती जेमतेम शंभर जूल. एवढ्या ऊर्जेच्या धक्क्याने एल्क पडत नाही. तो पडतो रक्तस्रावाने. दोन्ही फुफ्फुसं आरपार कापली गेली तर काही सेकंदांत त्याची शुद्ध जाते. एकच फुफ्फुस अर्धवट कापलं गेलं, तर तो डोंगर ओलांडून जाऊ शकतो आणि त्याचे हाल संपायला किती वेळ लागेल हे कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून टिकाऊपणाची माझी व्याख्या साधी आहे: हाड ओलांडल्यावरही पातं कापत राहिलं पाहिजे. फाळ अखंड दिसतोय एवढ्याने माझं समाधान होत नाही.

नेम चांगला असेल तर हाड लागेलच कशाला, असं नवखे विचारतात. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, बाण पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. दोरी सुटल्याचा आवाज मात्र एक दशांश सेकंदात पोचलेला असतो. मधल्या वेळात एल्क दचकला, वळला, नुसतं एक पाऊल पुढे टाकलं, तरी बरगडीवर धरलेला नेम खांद्याच्या हाडावर येतो. नेम चुकला नाही तरी हाड लागतं, आणि फाळाची परीक्षा तिथेच होते.

२. हाडाची परीक्षा हाडावरच घ्यावी.

बाजारात फाळ दाखवतात ते पारदर्शक जेलमध्ये मारून. चित्र देखणं असतं. पण जेल बाणाच्या नळीला सगळ्या बाजूंनी चिकटून धरतं, जिवंत शरीरातल्या रक्ताळलेल्या मांसात तसं घर्षण नसतं. शिवाय जेलमध्ये हाड नाही. टिकाऊपणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही, ते मी केव्हाच सोडून दिलं.

खांद्याचं पसरट हाड हातात घेऊन उजेडासमोर धरलं, की बरंच काही समजतं. मधला भाग इतका पातळ की त्यातून उजेड झिरपतो. कडेला जाड कंगोरा, आणि खाली सांध्याकडे भरीव, घट्ट गाठ. त्याच हाडावर दोन इंचांच्या फरकाने एक बाण सहज जातो आणि दुसरा जागीच थिजतो. म्हणून 'माझ्या फाळाने खांदा फोडला' असं कुणी सांगितलं की मी विचारतो, हाडाचा कुठला भाग? पातळ भाग फोडून दाखवणाऱ्या फाळाने काहीच सिद्ध केलेलं नसतं.

हाड ताजं हवं. वाळलेलं हाड ठिसूळ होतं, तडकून दुभंगतं आणि फाळाला फुकटचं श्रेय देऊन जातं. ताजं हाड ओलसर, चिवट असतं, ते पात्याला पकडून ठेवतं. मी खाटकाकडून बैलाच्या खांद्याची हाडं आणतो. ती एल्कच्या हाडापेक्षा जाड असतात, आणि ते मला चालतं. पुढून कच्चं कातडं, मागे मांसाचा थर आणि त्यामागे फोमचा ठोकळा, अशी मांडणी करतो. हाड शिकंज्यात आवळत नाही. हरणांच्या कुळात गळपट्टीचं हाड नसतं. खांदा धडाला सांध्याने जोडलेला नसतो, स्नायूंच्या झोळीत लटकत असतो. बाण लागल्यावर तो थोडा मागे सरतो. मांडणीतल्या हाडालाही तेवढी हालचाल मिळायला हवी.

हरणवर्गाची हाडं परीक्षेसाठी जमवणाऱ्यांना एक सांगायला हवं. हरणांचा मेंदू पोखरणारा जो असाध्य रोग इथे सीडब्ल्यूडी म्हणून ओळखला जातो, तो पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ साली, याच राज्यातल्या फोर्ट कॉलिन्समध्ये. हातमोजे घालावेत, मेंदू आणि कण्याला हात लावू नये, आणि हाडं उघड्यावर टाकू नयेत.

हाडाचा एक दोष मात्र मान्य करायला हवा: कुठलीही दोन हाडं सारखी नसतात. दोन फाळांची तुलना करायची तर मी पाऊण इंची प्लायवूड वापरतो. प्लायवूड म्हणजे हाड नव्हे, पण एकाच फळीवर दहा फाळ सारख्या परिस्थितीत उतरतात. तुलना प्लायवर करतो, आणि कुठला फाळ भात्यात जाणार हे हाडावर ठरवतो.

३. पोलादाचं नाव वाचू नये, त्याला दिलेलं पाणी पाहावं.

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार, कारण हा माझा धंदा आहे.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत पोलादाचं नाव असतं: ४२० स्टेनलेस, ए२, एस३०व्ही, एस७. नावाला अर्थ आहे. एस७ हे पोलाद मुळात छिन्नी-हातोड्याच्या कामासाठी, धक्के सोसायला केलेलं. एस३०व्ही सुऱ्यांसाठी, त्याची धार लांब टिकते. पण एकाच नावाचं पोलाद दोन भट्ट्यांतून दोन स्वभाव घेऊन बाहेर पडतं. आपल्याकडे कोयत्याला लोहार पाणी देतो तेव्हा हेच पाहतो. पाणी कमी पडलं तर धार दुमडते, जास्त झालं तर पहिल्याच ओंडक्यावर तुकडा उडतो.

चांगल्या फाळांची कठिणता बहुतेक वेळा रॉकवेल सी मापावर ५२ ते ६० या पट्ट्यात असते. आकडा मोठा म्हणजे फाळ चांगला, हा समज मला फार घातक वाटतो. कठिणता म्हणजे ओरखड्याला, दुमडण्याला दिलेला विरोध. चिवटपणा म्हणजे न तुटता धक्का पचवण्याची ताकद. एक वाढवताना दुसरी बहुधा घटते. सुरीला कठिणता पुष्कळ झाली तरी चालते, कारण ती हळूहळू कापते. फाळाला सेकंदाला ऐंशी मीटर वेगाने हाडावर आदळायचं असतं. वाकलेलं पातं निदान बाणाबरोबर राहतं. तुटलेल्या पात्याचा तुकडा मांसात उरतो, आणि तेच मांस पुढे माझ्या घरात शिजणार असतं. या दोन्हींतलं एक निवडायचंच झालं तर मी वाकणारं पातं निवडीन.

जाडीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. बदलता येणाऱ्या पात्यांची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, एकसंध फाळांची तीन मिलिमीटरपर्यंत जाते. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट. पोलादाचं महागडं नाव वाचून हरखण्याआधी मी व्हर्नियर लावतो.

मग टोक. सुईसारखं निमुळतं टोक कातड्यात सुरेख शिरतं आणि हाडावर कुरळं होतं. टोक मिलिमीटरभर जरी वळलं, तरी पुढचा सगळा प्रवास ते वळण हाडातून आणि मांसातून ओढत न्यावा लागतो, आणि बाणाचा जीव तिथेच जातो. छिन्नीसारखं थोडं तिरपं, भरीव टोक मला जास्त भरवशाचं वाटतं.

धार लावतानाही हेच भान ठेवावं लागतं. कोरड्या ग्राइंडरवर घाईने धार लावली आणि साध्या कार्बन पोलादाच्या कडेवर निळी झाक आली, तर त्या जागेचं पाणी उतरलं. ती धार बोटाला लागेल, हाडावर टिकणार नाही. सहाण, पाणी आणि धीर यांनीच काम होतं.

४. तीक्ष्ण आणि टिकाऊ हे दोन वेगळे गुण आहेत.

१९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ इशी नावाचा याही जमातीचा माणूस एकटा बाहेर आला. त्याची माणसं संपली होती. विद्यापीठातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. अमेरिकेतल्या आजच्या धनुष्याच्या शिकारीचा एक मोठा झरा तिथून निघतो. पोप डॉक्टर होते, त्यांनी मोजून पाहिलं, आणि मऊ मांसात ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचं टोक पोलादापेक्षा खोल गेलेलं त्यांना आढळलं. काचेची ताजी कड पोलादाहून कितीतरी बारीक असते, त्यामुळे यात नवल नाही. पण तीच काच हाडावर फुटते. शिकारीत ती चालतही नाही: कोलोरॅडोचा आजचा नियम फाळाला निदान दोन पोलादी धारा आणि सात अष्टमांश इंच, म्हणजे बावीस मिलिमीटर रुंदी मागतो.

५. तपासायचा तो अख्खा बाण.

फाळ एकटा उडत नाही. त्याच्यामागे आटे असतात, आटे ज्यात बसतात तो इन्सर्ट, आणि इन्सर्ट ज्यात चिकटवला ती कार्बनची नळी. फाळ शाबूत आणि इन्सर्ट वाकलेला, किंवा इन्सर्टच्या मागेच नळी उभी चिरलेली, असं फार वेळा दिसतं. हलक्या ॲल्युमिनियमच्या इन्सर्टवर तीन मिलिमीटर जाडीचा फाळ बसवणं मला पटत नाही. पोलादी इन्सर्ट आणि नळीच्या तोंडावर बाहेरून कडं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. फाळ जितका लांब, तितका तिरक्या माऱ्यात आट्यांवर येणारा जोर जास्त.

वजनाचंही इथेच बोलू. ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी सोडा, किंवा ६५० ग्रेनचा २२५ फुटांनी. ऊर्जा दोन्हींत जवळजवळ सारखीच, ९९ जूल. पण संवेग जड बाणाचा वीस टक्क्यांनी जास्त. हाडाशी गाठ पडल्यावर हा संवेगच उपयोगी येतो. डॉ. एड ॲशबी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नतालमध्ये, आणि पुढे ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या म्हशींवर वर्षानुवर्षं नोंदी ठेवून हेच मांडलं. जड हाडासाठी ६५० ग्रेनच्या आसपासचा उंबरठा त्यांचाच. ते वजन प्रत्येकाने गाठावं असा माझा आग्रह नाही. बाण जड केला की तो जास्त झुकत उडतो आणि अंतराचा अंदाज चुकणं महाग पडतं. पण खोल शिरण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत ॲशबींनी पहिला क्रमांक ना वजनाला दिला ना धारेला. त्यांनी तो बाण-फाळाच्या अभंगपणाला दिला. काही मोडलं की बाकीची सगळी गणितं संपतात, हे मी माझ्या फळीवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

६. सरळ माऱ्यात सगळेच शहाणे.

प्लायवूडची फळी काटकोनात उभी केली तर सामान्य फाळसुद्धा उत्तीर्ण होतो. ती पंचेचाळीस अंशांत तिरकी करावी. पाती आडव्या जोराने वाकतात, टोक घसरतं, नळी मागून फटकारते. डोंगरात जनावर क्वचितच आपल्याला हवं तसं बाजूने उभं राहतं.

७. उघडणारी पाती मी एल्कसाठी घेत नाही.

लागताक्षणी उघडणाऱ्या पात्यांचे फाळ उडतात सुरेख आणि दोन इंच रुंद जखम करतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणावर, जोरदार धनुष्याने, ते त्यांचं काम करतात, आणि ते वापरणाऱ्यांवर मी टीका करणार नाही. पण रुंद छेद म्हणजे जास्त ऊर्जेचा खर्च. शिवाय पातळ पातं एका बारीक खिळीवर फिरत असतं. तिरक्या फळीवर माझ्याकडे सर्वांत आधी मोडते ती हीच खिळीची जागा. एल्कच्या खांद्याशी माझा त्यांच्यावर भरवसा बसत नाही.

८. मारून झाल्यावरच खरं काम सुरू होतं.

आरपार गेला की टाळ्या वाजवून पुढचा बाण लावायचा, असं बहुतेक जण करतात. मी आधी बाण बोटांत धरून टोकावर गरगर फिरवतो. केसभर वाक असेल तरी तो डोलतो. मग व्हर्नियर, मग भिंग: धार कुठे दुमडली, कुठे दाते पडले, टोक आहे की गेलं. शेवटी ताणलेल्या रबरबँडवरून पातं अलगद ओढतो. हाड फोडून आलेल्या पात्याने रबर पहिल्या स्पर्शात कापलं, तर तो फाळ माझ्या मनातून उतरत नाही. रबर नुसतं घसरलं, तर बाहेरून तो कितीही नवा दिसो, फुफ्फुसापर्यंत पोचेतो तो बोथट झालेला असेल.

सगळं वहीत लिहितो: अंतर, बाणाचं वजन, वेग, कोन, हाडाचा भाग, काय झालं. आठवणीवर ठेवलं तर आवडत्या फाळाचे दोष आपोआप विसरले जातात.

९. फोमसुद्धा धार खातो.

सरावाच्या फोमवर मारलेला फाळ शिकारीला नेऊ नये. पाती बदलावीत किंवा पुन्हा सहाणेवर घ्यावीत. भात्यातला हलत राहणारा फाळही आपोआप बोथट होत असतो.

१०. सिमेंटच्या ठोकळ्याला विचारून काही कळत नाही.

लोखंडी पिंपं आणि सिमेंटचे ठोकळे फोडण्याचे प्रयोग लोकप्रिय आहेत. एल्कच्या अंगात सिमेंट नाही. पातळ पत्र्याची परीक्षा धारेसाठी थोडी उपयोगी आहे, सिमेंटची मला वाटत नाही. त्यात उडालेला पोलादाचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. कठीण वस्तूवर आदळलेली कार्बनची नळी आतून चिरलेली असेल आणि पुढच्या वेळी दोरी सोडताना फुटली, तर तिच्या चिरफळ्या हातात घुसतात. चष्मा लावावा, आणि परीक्षेतली नळी पुन्हा धनुष्याला लावू नये.

११. एका फाळाचं यश हे त्या एकाच फाळाचं.

फाळ बहुधा तीनच्या पाकिटात येतात. एक मोडेपर्यंत वापरावा, जमलं तर दुसऱ्या पाकिटातलाही एक. भट्टीतल्या दोन खेपा सारख्या निघतीलच असं नाही, हे मी भोसरीत रोज पाहिलं आहे. कुठे मोडला, यापेक्षा कसा मोडला हे जास्त सांगून जातं. आधी टोक, मग धार, मग पातं, शेवटी मधली दांडी, या क्रमाने हरणारा फाळ मला चालतो. पहिल्याच फटक्याला दांडीवरून पातं निखळलं तर तो जातीनेच कच्चा.

१२. 'बाणानंच कशाला?'

सांगलीची माझी आत्या फोनवर हे विचारते. "अरे, खायचंच असेल तर बंदुकीने एका झटक्यात संपव की. त्या मुक्या जिवाला बाणाने कशाला टोचायचं?" भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं मलाही वाटतं. इथे एल्कची संख्या मोजून परवाने दिले जातात. आत्याला मी सांगतो, "आत्या, बाण घेतला की मला तीस-चाळीस पावलांपर्यंत जावं लागतं, आणि बहुतेक दिवस मी न सोडताच परत येतो." तिला ते पूर्ण पटत नाही. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि उन्हाळाभर मी फाळ मोडत बसतो तो त्याच प्रश्नापायी. मारायचं हत्यार मीच निवडलं, तेव्हा ते ऐन वेळी दगा देणार नाही हे पाहणं माझ्याकडे लागतं.

१३. मजबूत फाळ मिळाला म्हणून खांद्यावर नेम धरू नये.

हा मोह प्रत्येकाला होतो. माझ्या वहीतले सर्वोत्तम फाळसुद्धा सांध्याजवळच्या भरीव गाठीत थांबले आहेत. पुढचा पाय पुढे टाकलेला, जनावर बाजूने उभं, आणि नेम खांद्यामागे. असं नसेल तर मी दोरी उतरवतो. बाण लागल्यावर निदान अर्धा तास जागचा हलत नाही, आणि मग रक्ताच्या खुणेवर सावकाश निघतो.

एल्क मिळाल्यावर, मांस उतरवून झालं की फाळ शोधतो. फळीवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा तो एक फाळ मोलाचा. त्याला धुऊन, पुसून चिठ्ठी बांधतो: किती अंतर, कुठला कोन, कुठलं हाड, धार कशी राहिली. त्याच पाकिटातला एखादा फाळ उरला असेल तर तो वेगळा ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात तो ताज्या हाडावर त्याच कोनात मारतो आणि दोन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवतो. दोघांची धार सारखी बिघडली असेल, तर माझी मांडणी बरोबर आहे. नसेल, तर आधी मांडणी बदलतो.